मागची चाके वळतात तेव्हा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे सारे आयुष्य यंत्रांच्या संगतीत गेले. त्यांच्या नावाने बोलायचे तर यंत्राबद्दलच बोलावे, आणि मोघम न बोलता नेमके बोलावे, असे मला वाटले. म्हणून आजचा विषय मोटारीच्या स्टिअरिंगचा घेतला आहे.

महागड्या गाड्यांमध्ये गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दोन व्यवस्था पुढे आल्या. एकीत आपण स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाके किती वळायची, हे गाडीतला संगणक वेग पाहून ठरवतो. तिला ॲक्टिव्ह स्टिअरिंग म्हणतात. दुसरीत पुढच्या चाकांबरोबर मागची चाकेही वळतात. ती फोर-व्हील स्टिअरिंग. जाहिरातीत ही दोन्ही नावे शेजारी शेजारी छापलेली असतात आणि विक्रेता दोहोंचे गुण एका दमात सांगून मोकळा होतो. ऐकणाऱ्याला वाटते, एकाच गोष्टीची ही दोन नावे असावीत. तसे नाही. दोघींचे काम वेगळे, ताकद वेगळी, मर्यादाही वेगळ्या. आज त्या वेगवेगळ्या करून दाखवायच्या आणि शेवटी कोणती अधिक मोलाची याचा निवाडा द्यायचा, असे मी ठरवून आलो आहे.

भिलाईत हा विषय मांडण्याला एक कारण आहे. हे शहर रुळांचे आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले, आणि आज इथल्या मिलमधून १३० मीटर लांबीचा अखंड रूळ बाहेर पडतो. रेल्वे इंजिनाच्या चालकासमोर स्टिअरिंग नसते. चाकाचा रुळावर टेकणारा भाग १ ला २० अशा उताराने किंचित निमुळता घडवलेला असतो. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या अंगाला सरकली की बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर चालते, आतले लहान व्यासावर, आणि जोडी आपोआप वळते. दिशा रुळाने ठरवलेली असते. मोटारीला असा रूळ नाही. तिथे ती सगळी जबाबदारी एका माणसाच्या दोन हातांवर येऊन पडते.

इथेच सिविक सेंटरमध्ये कृष्णार्जुनाचा रथ उभा आहे. महाभारतात सैन्य आणि सारथी यांतून एक निवडायची वेळ आली तेव्हा अर्जुनाने सारथी निवडला. वाहन हाकणाऱ्यावर भरवसा असणे ही युद्धातलीसुद्धा पहिली गरज होती. मोटारीच्या बाबतीत हा भरवसा दुहेरी असतो. प्रवाशाचा चालकावर, आणि चालकाचा त्याच्या हातातल्या चाकावर. मी आज ज्या कसोटीवर दोन्ही व्यवस्था घासून पाहणार आहे, ती हीच आहे. हाताने जे सांगितले तेच गाडी करते का, आणि दर वेळी तसेच करते का?

थोडे मागे जाऊ. चार चाकांच्या घोडागाडीत पुढचा अख्खा कणा मध्यावरच्या खिळ्याभोवती फिरायचा. वळताना गाडीचा आधार अरुंद व्हायचा आणि ती कलंडायची. १८१७ साली म्युनिकचा गाडीकारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने कणा स्थिर ठेवून दोन्ही टोकांची चाके स्वतंत्रपणे वळवण्याची युक्ती काढली, आणि पुढच्या वर्षी रुडॉल्फ ॲकरमान यांनी इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. आज आपण तिला ॲकरमान भूमिती म्हणतो. तिचा नियम सोपा आहे. वळताना चारही चाकांच्या अक्षांच्या रेषा वाढवल्या तर त्या एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत, म्हणजे एकही टायर घासत जाणार नाही. मागची चाके सरळ असतील, तर तो बिंदू मागच्या एक्सलच्या रेषेवरच कुठेतरी असणार. पुढच्या दीडशेहून अधिक वर्षांत बहुतेक सगळ्या मोटारींनी हा बिंदू तिथेच ठेवला. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढची सारी तुलना तिच्यावर उभी आहे.

आता चालकाची अडचण पाहू. त्याला स्टिअरिंगकडून दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात. बाजारात गाडी लावताना थोड्या फिरवण्यात चाके भरपूर वळावीत, असे त्याला वाटते. पण हाच माणूस दुर्ग-रायपूर महामार्गावर शंभरच्या वेगात असेल तेव्हा हात जरासा हलला तर गाडी लेन सोडून जाऊ नये, हेही त्यालाच हवे असते. साध्या गाडीत स्टिअरिंगचे गुणोत्तर ठरलेले असते. ते १५ ला १ असेल तर हाताने ९० अंश फिरवल्यावर चाक ६ अंश वळते, मग वेग कितीही असो. ही तडजोड आहे, आणि आपण सर्वजण तिच्यावरच गाडी शिकलो.

पहिला तोडगा निघाला तो या गुणोत्तरावर. होंडाने २००० साली एस २००० च्या एका आवृत्तीत वेगानुसार बदलणारे गुणोत्तर आणले. पण ॲक्टिव्ह स्टिअरिंग हे नाव जगभर गेले ते २००३ साली, बीएमडब्ल्यूच्या ५ सीरिजमुळे. त्यात स्टिअरिंगचा दांडा मध्ये तोडून तिथे दुहेरी प्लॅनेटरी गिअरचा संच बसवला होता. वरून चालकाचा हात एका सन गिअरला फिरवतो आणि खाली दुसरा सन गिअर रॅककडे जाणाऱ्या पिनियनला फिरवतो. मधले प्लॅनेट गिअर ज्या घरात बसले आहेत, ते घर एक विजेची मोटार वर्मने फिरवू शकते. मोटार स्थिर असेल तर हाताची हालचाल ठरलेल्या गुणोत्तराने खाली जाते. मोटार हाताच्याच दिशेने फिरली तर चाके अधिक वळतात, उलट फिरली तर कमी वळतात.

याचा परिणाम असा की हळू चालताना गुणोत्तर सुमारे १० ला १ होते आणि वेगात ते २० ला १ पर्यंत जाते. हाताने तेच ९० अंश फिरवले तर पार्किंगमध्ये चाक ९ अंश वळते, महामार्गावर साडेचार. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग न्यायला दोन फेऱ्यांहूनही कमी लागतात, एरवी सुमारे तीन लागतात. चालकाला हात स्टिअरिंगवरून उचलावा लागत नाही.

या यंत्रणेची दुसरी ताकद त्याहून मोठी आहे. चालकाने काहीही न करता ती पुढच्या चाकांना एक-दोन अंश वळवू शकते. पावसात डावी चाके रस्त्याकडेच्या ओल्या मातीवर आणि उजवी कोरड्या डांबरावर असताना जोराचा ब्रेक लावला, तर गाडी उजवीकडे ओढली जाते. ॲक्टिव्ह स्टिअरिंग त्या क्षणी उलट वळण देऊन गाडी सरळ ठेवते. माणसाचा हात तिथे पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. बिघाडाचाही विचार केलेला आहे. मोटारीचा वीजपुरवठा तुटला तर विद्युतचुंबकी कुलूप बसते, प्लॅनेटरी संच जखडला जातो आणि गाडी साध्या ठरलेल्या गुणोत्तरावर चालू राहते. हात आणि चाक यांच्यातला लोखंडी दुवा कधीच सुटत नाही. ऑडी आणि लेक्सस यांनी हेच काम वेगळ्या गिअरने, लवचीक पोलादी कड्याच्या स्ट्रेन-वेव्ह गिअरने केले.

मग ॲक्टिव्ह स्टिअरिंगला काय जमत नाही? गाडीचे वळणवर्तुळ लहान करणे. शोरूममध्ये सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो. हाताने फिरवण्याच्या फेऱ्या कमी झाल्या म्हणजे गाडी कमी जागेत वळते, असे लोकांना वाटते. पुढची चाके जास्तीत जास्त किती वळू शकतात हे चाकाची कमान, सस्पेन्शन आणि इंजिनाभोवतीची जागा ठरवते. तो कोन बदललेला नाही, अक्षरेषा मिळतात तो बिंदूही मागच्या एक्सलच्या रेषेवरून हललेला नाही. अरुंद बोळात एका कटात न निघणारी गाडी ॲक्टिव्ह स्टिअरिंग लावूनही एका कटात निघणार नाही. मागेपुढे तितक्याच वेळा करावे लागेल, फक्त हात कमी दुखतील.

आता दुसरा तोडगा. घरातले जड कपाट जिन्यातून खाली नेताना आपण काय करतो ते आठवा. जिन्याच्या वळणावर पुढचा माणूस डावीकडे वळला की मागच्याला उजवीकडे सरकावे लागते, तेव्हा कपाट जागच्या जागी फिरते. पण सरळ लांब पडवीत कपाट थोडे डावीकडच्या भिंतीशी घ्यायचे असेल, तर दोघेही एकाच वेळी डावीकडे सरकतात आणि कपाट अजिबात न फिरता बाजूला जाते. फोर-व्हील स्टिअरिंगचे तत्त्व एवढेच आहे. हळू वेगात मागची चाके पुढच्यांच्या उलट वळतात. जास्त वेगात ती त्याच दिशेने वळतात.

हळू वेगाचा हिशेब आपण करून पाहू. समोर विद्यार्थी बसले आहेत, त्यांनी वहीत उतरवून घ्यावा. एका लांब सेदानच्या दोन एक्सलमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, ३.२ मीटर आहे असे धरा. पुढची चाके सरासरी ३५ अंश वळतात. ३५ अंशांचा टॅन्जंट ०.७०. मागची चाके सरळ असताना गाडीच्या मध्यरेषेपासून वळणाच्या केंद्रापर्यंतचे अंतर म्हणजे ३.२ भागिले ०.७०, साधारण ४.५७ मीटर. आता मागची चाके उलट दिशेने १० अंश वळवा. १० अंशांचा टॅन्जंट ०.१७६. छेदात दोन्हींची बेरीज येते, ०.८७६. उत्तर ३.६५ मीटर. त्रिज्येत ९२ सेंटिमीटर, म्हणजे वर्तुळाच्या व्यासात १ मीटर ८४ सेंटिमीटर कमी झाले. मागची चाके साडेचार अंशच वळली, तर व्यास ९२ सेंटिमीटरच्या आसपास कमी होतो. वळणाचा केंद्रबिंदू मागच्या एक्सलच्या रेषेवरून पुढे सरकला आहे. ३.२ मीटर व्हीलबेसची गाडी आता २.५६ मीटर व्हीलबेसच्या गाडीसारखी वळते. ह्युंदाई क्रेटाचा व्हीलबेस २.६१ मीटर आहे. मोठी आलिशान सेदान वळणापुरती क्रेटाहून आखूड झाली.

हा हिशेब नुसता फळ्यावरचा नाही. २०२० साली आलेल्या मर्सिडीज-बेंझ एस क्लासमध्ये मागच्या चाकांचे दोन पर्याय होते, साडेचार अंश आणि दहा अंश. दहा अंशांच्या पर्यायाने वळणवर्तुळ २ मीटरपर्यंत कमी होते, आणि ३.२ मीटर व्हीलबेसची लांब गाडी ११ मीटरच्या आत वळते. विजेवर चालणाऱ्या ईक्यूएसचे वर्तुळ दहा अंशांसह १०.९ मीटर आहे. ती गाडी ५.२ मीटर लांब आहे. मारुती अल्टोचे वर्तुळ ९.२ मीटरचे, आणि तीत किती माणसे व सामान बसते ते आपल्याला ठाऊक आहे. या दोन्ही मर्सिडीज आपल्या महाराष्ट्रात, चाकणच्या कारखान्यात जुळणी होऊन रस्त्यावर येतात. कंपनी १९९४ साली पुण्यात आली, पिंपरीत टाटांच्या आवारात तिने सुरुवात केली आणि २००९ साली चाकणला स्वतःचा कारखाना उभारला. नव्या एस क्लासची तिथली जुळणी २०२१ च्या ऑक्टोबरपासून बाजारात आहे, ईक्यूएसची २०२२ पासून.

जास्त वेगातला भाग हिशेबाने दाखवायला अवघड, पण जीव वाचवण्याच्या दृष्टीने तोच मोठा. साध्या गाडीत चालक स्टिअरिंग फिरवतो तेव्हा आधी पुढच्या टायरना बाजूचा जोर मिळतो. त्या जोराने गाडीचे नाक वळते. नाक वळल्यावर गाडीचे अंग तिरके होते, आणि मग कुठे मागच्या टायरना कोन मिळून त्यांचा जोर उभा राहतो. या दोन जोरांमध्ये क्षणभराचे अंतर असते. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. समोर गाय आली, चालकाने झटक्यात डावीकडे घेतले आणि लगेच उजवीकडे आणले, तर पहिल्या वळणाचा मागचा जोर अजून ओसरत असतानाच दुसऱ्याची मागणी येते. मागचा भाग हेलकावतो, आणि गाडी हातातून जाते ती इथे. मागची चाके त्याच दिशेने दोन-तीन अंश वळली, तर पुढचा आणि मागचा जोर जवळजवळ एकाच वेळी उभा राहतो. गाडी कमी फिरते आणि जास्त सरकते. नाक आणि शेपूट बरोबर बाजूला जातात. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यावर नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा सरळ, वेगवान रस्ता आपल्याला मिळाला आहे, मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. अशा रस्त्यावर हा गुण चैनीचा राहत नाही.

उलटीकडून सुलटीकडे जाण्याचा वेग प्रत्येक कंपनीने वेगळा ठरवला. एस क्लासमध्ये ही सीमा ताशी ६० किलोमीटरच्या सुमारास आहे. २०१३ च्या पोर्शे ९११ जीटी ३ मध्ये ५० च्या खाली उलट आणि ८० च्या वर सुलट असे होते, आणि मागची चाके दीड अंशांपर्यंतच वळायची. त्या दीड अंशानेही त्या वेगवान गाडीचे वागणे बदलले.

ही कल्पना मात्र आजची नाही. ती जपानने १९८०च्या दशकात सर्वसामान्य मोटारींच्या बाजारात आणली. निस्सानने १९८५ साली स्कायलाइनमध्ये हायकास नावाने मागची चाके किंचित वळवली. १९८७ साली होंडा प्रेल्यूडमध्ये ती पूर्णपणे यांत्रिक रूपात आली. तीत ना संगणक, ना वेगाचा सेन्सर. पुढच्या रॅकपासून एक लांब दांडा मागच्या गिअरबॉक्सपर्यंत जायचा, आणि तिथला प्लॅनेटरी गिअर असा रचलेला होता की स्टिअरिंग थोडे फिरवले तर मागची चाके त्याच दिशेने वळत, बरेच फिरवले तर उलट दिशेने. वेगात कोणी स्टिअरिंग पूर्ण फिरवत नाही आणि पार्किंगमध्ये थोडेसे फिरवून भागत नाही, एवढ्या एका निरीक्षणावर सगळी रचना उभी होती. मला ही अभियांत्रिकीतली अत्यंत सुंदर कामगिरी वाटते. त्याच सुमारास माझदाने ६२६ मध्ये वेग ओळखणारी व्यवस्था दिली, तिची सीमा ताशी ३५ किलोमीटर होती.

तरीही पुढच्या दशकात हे सारे ओसरले. हायड्रॉलिक पाइप, पंप आणि दांडे जड होते, महाग होते, आणि गिऱ्हाइकाला पैशांच्या मानाने फरक जाणवत नव्हता. अमेरिकेत जनरल मोटर्सने २००२ ते २००५ दरम्यान मोठ्या पिकअप ट्रकमध्ये मागची चाके वळवून पाहिली. वर्तुळ १४ मीटरवरून साडेअकरापर्यंत आले, पण तो पर्यायही बंद झाला.

मग ती परत कशी आली? तीन गोष्टी बदलल्या. पहिली, १९९५ पासून स्थिरता-नियंत्रण गाड्यांत येऊ लागले, आणि त्याच्यासाठी स्टिअरिंगचा कोन, गाडी फिरण्याचा वेग, बाजूचा जोर मोजणारे सेन्सर आधीच बसवलेले होते. मागच्या चाकांना लागणारी माहिती फुकट मिळाली. दुसरी, हायड्रॉलिकची जागा विजेच्या मोटारीने घेतली. मागच्या एक्सलवर एक मोटार, एक स्क्रू आणि दोन आडवे दांडे, एवढ्यात काम भागते. स्क्रूचे आटे असे निवडता येतात की मोटार बंद पडली तरी चाकाच्या धक्क्याने तो उलटा फिरत नाही. तिसरी, गाड्या लांब झाल्या. विजेच्या गाडीत बॅटरी दोन एक्सलच्या मध्ये बसते, म्हणून व्हीलबेस वाढतो, आणि वाढलेला व्हीलबेस वळणावर भारी पडतो.

आता दोघींना समोरासमोर ठेवू. ॲक्टिव्ह स्टिअरिंग हाताचे आणि चाकाचे नाते बदलते, गाडी तीच राहते. फोर-व्हील स्टिअरिंग हाताचे आणि पुढच्या चाकाचे नाते आहे तसेच ठेवते आणि गाडीची भूमिती बदलते. सुरुवातीला सांगितलेली कसोटी इथे लावून पाहा. वेगानुसार गुणोत्तर बदलत असेल तर महामार्ग सोडून उतरणीच्या गोल वळणावर येताना गाडी शंभरवरून चाळीसवर येते, हात एकाच जागी असतो, आणि मधल्या मधे गुणोत्तर बदलते. चालकाला वळण पकडून ठेवायला हात पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. २००३ नंतर अनेक जाणत्या परीक्षकांनी हीच तक्रार केली, की स्टिअरिंग हुशार आहे पण हाताला परके वाटते. मागच्या चाकांच्या हालचालीबद्दल अशी तक्रार क्वचित ऐकू येते. बहुतेकांना ती चालू आहे हे कळतही नाही. फक्त गाडी लहान आणि शांत वाटते.

बीएमडब्ल्यूचा स्वतःचा प्रवासच हे सांगतो. २००८ च्या ७ सीरिजमध्ये त्यांनी दोन्ही एकत्र केल्या. पुढे प्लॅनेटरी ॲक्टिव्ह स्टिअरिंग आणि मागे ३ अंशांपर्यंत वळणारी चाके. त्याला तांत्रिक कारण होते. वेगात मागची चाके सुलट वळली की गाडी स्थिर होते पण थोडी मंद प्रतिसाद देते, ती उणीव ॲक्टिव्ह स्टिअरिंग पुढची चाके थोडी अधिक वळवून भरून काढते. पण २०१५ च्या पुढच्या पिढीत प्लॅनेटरी संच गेला. त्याच्या जागी दातांचे अंतर कडेला बदलत जाणारा साधा रॅक आला, ज्याचे गुणोत्तर वेगावर नव्हे तर हात किती फिरला यावर बदलते. आणि मागची चाके मात्र राहिली. ज्यांनी ॲक्टिव्ह स्टिअरिंग जगाला दिले, त्यांनीच दोहोंपैकी कोणते ठेवायचे ते ठरवले. ऑडीने २०१७ च्या ए ८ मध्ये दोन्ही ठेवल्या, मागे ५ अंशांपर्यंत. तिथेही वर्तुळ लहान करण्याचे श्रेय मागच्या चाकांचेच आहे.

म्हणून माझा निवाडा स्पष्ट आहे. एकच घ्यायची असेल तर फोर-व्हील स्टिअरिंग घ्यावी. घसरत्या गाडीला सावरण्याचे जे मोलाचे काम ॲक्टिव्ह स्टिअरिंग करते, ते मागची चाकेही बऱ्याच अंशी करू शकतात. वर्तुळ लहान करण्याचे काम मात्र ॲक्टिव्ह स्टिअरिंगला कधीच करता येणार नाही.

या निवाड्याबरोबर काही इशारे दिले नाहीत तर मी अर्धवट बोललो असे होईल. पहिला, गाडीची शेपूट बाहेर जाते. कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांना हे सांगायला नको. तिची मागची चाके वळतात म्हणून वळताना मागचा कोपरा बाहेरच्या बाजूला झेपावतो. भिंतीला चिकटून लावलेली दहा अंशांची गाडी पूर्ण कट मारून काढली, तर मागचा बंपर भिंतीकडे जातो. आपल्या गल्लीत भिंतीच्या जागी दुचाकी असते, कधी खेळणारे मूल असते. निघताना आधी थोडे सरळ पुढे जाऊन मग वळावे. दुसरा, देखभाल. अशा गाडीत अलाइनमेंट म्हणजे फक्त पुढची चाके सरळ करणे नव्हे. मागच्या एक्सलचा मध्य आणि स्टिअरिंग-कोनाचा सेन्सर संगणकाला पुन्हा शिकवावा लागतो. खड्ड्यात मागचे चाक जोरात आपटले असेल तर ते तपासल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नये. तिसरा इशारा विक्रीच्या पद्धतीबद्दल. जर्मनीत ईक्यूएसच्या मालकांना साडेचारवरून दहा अंश हवे असतील तर वर्षाला ४८९ युरो भरून ते सॉफ्टवेअरने उघडता येतात, अशी योजना आली. मोटार, स्क्रू, दांडे गाडीत आधीच बसवलेले आहेत आणि कोन तेवढा भाड्याने. स्थिरता आणि सुरक्षितता देणारी गोष्ट अशी वार्षिक वर्गणीवर विकली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

चौथी गोष्ट इशारा नाही, आठवण आहे. कमी जागेत वळायला दर वेळी मागची चाके वळवावी लागत नाहीत. महिंद्राची बीई ६ ही चाकणचीच विजेची गाडी. तिची मोटार मागे आहे, पुढच्या चाकांमध्ये इंजिन नाही, म्हणून पुढची चाके जास्त वळतात आणि गाडी सुमारे १० मीटरच्या वर्तुळात फिरते, रॅकही बदलत्या गुणोत्तराचा. मांडणी विचारपूर्वक केली तर अर्धे काम तिथेच होते.

आता शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत जवळचा आहे. ईक्यूएस भारतात आली तेव्हा तिची किंमत १ कोटी ५५ लाख रुपयांपासून सुरू होत होती. ज्या वाहनाला जागेची अडचण खरोखर भासते, ते हे नव्हे. ट्रान्सफॉर्मर आणि भट्टीचे अवजड भाग वाहून नेणारे हायड्रॉलिक ट्रेलर आपण या भागात नेहमी पाहतो. त्यांचे सगळे एक्सल वळतात, त्याशिवाय ते एकही चौक ओलांडू शकणार नाहीत. म्हणजे अवजड वाहतुकीने हे तंत्र गरजेपोटी कधीच स्वीकारले आहे. आपल्याकडे मधल्या वाहनांपर्यंत ते फारसे पोहोचलेले नाही. अरुंद पेठेत शिरणारी रुग्णवाहिका, अग्निशमनाचा बंब, वस्तीत वळणारी शाळेची बस यांना त्या दोन मीटरांची किंमत आलिशान सेदानच्या मालकापेक्षा कितीतरी जास्त आहे. पुण्यात १९६६ पासून काम करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे, इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग आहे, चाकणला जुळणीचे कसब आहे, आणि इथे भिलाईत पोलाद आहे, अभियंते आहेत. साधने सगळी आपल्याजवळ आहेत.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी रुग्णवाहिकेचा मागचा एक्सल घ्यावा आणि मघाचा हिशेब तिच्या व्हीलबेसवर मांडून पाहावा. आणि गाडी घ्यायला निघालेल्या सर्वांना सांगतो, शोरूममध्ये नाव विचारू नका, चार प्रश्न विचारा. वळणवर्तुळ किती मीटर? मागची चाके किती अंश वळतात आणि कोणत्या वेगाला दिशा बदलतात? यंत्रणा बंद पडली तर गाडी कशी चालते? आणि तिची अलाइनमेंट माझ्या शहरात कोण करून देतो? या चारही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तरच पैसे मोजा.